हाड भरून येईल. व्यवस्थेतील पोकळीचे काय?

कर्करोगाच्या उरल्यासुरल्या पेशी मारणारी आणि त्याच जागी नवे हाड धरू देणारी द्रव्ये प्रयोगशाळेत तयार होत आहेत. ती सामान्य रुग्णापर्यंत नेणारा रस्ता मात्र धोरणकर्त्यांनाच बांधावा लागेल.

ब्रिटनमधील ॲस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. गॅलियम हा धातू मिसळलेल्या एका विशिष्ट काचेच्या सान्निध्यात ठेवलेल्या हाडाच्या कर्करोगाच्या पेशींपैकी ९९ टक्के पेशी नष्ट झाल्या, निरोगी अस्थिपेशी मात्र तगून राहिल्या, आणि त्याच काचेच्या पृष्ठभागावर हाडातील खनिजासारखा थर जमू लागला, असा तो निष्कर्ष होता. रोग मारणारे आणि हाड जोडणारे असे दुहेरी काम एकाच पदार्थाने करावे, ही कल्पना कुणालाही भुरळ पाडेल अशीच आहे. परंतु हा प्रयोग काचपात्रातल्या पेशींवरचा होता, माणसांवरचा नव्हता. काचपात्र आणि रुग्णशय्या यांच्यामधले अंतर किती असते, ते कोण आणि कसे कापते, हा प्रश्न विज्ञानाइतकाच राज्यकारभाराचाही आहे. मी वैद्यक शिकलेलो नाही. इतिहास शिकलो आणि नंतर तीन दशके सरकारी फाइली हाताळल्या. त्या दोन्हींच्या आधारे या अंतराकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आजार दुर्मीळ, झळ मोठी

हाडातच उगम पावणारा सर्वांत परिचित कर्करोग म्हणजे ऑस्टिओसार्कोमा. तो प्रामुख्याने दहा ते वीस या वयात, म्हणजे हाडे भराभर वाढत असताना होतो आणि बहुतांश वेळा गुडघ्याच्या वर किंवा खाली आढळतो. दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण तीन ते चार, हे त्याचे जगभरातले प्रमाण. या दराने हिशेब केला तर भारतात वर्षाला चार-पाच हजार रुग्ण होतात. देशाच्या लोकसंख्येपुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण त्यातले बरेच जण शाळा-कॉलेजातले असतात. त्याखेरीज जायंट सेल ट्यूमर नावाची गाठ आहे. ती बहुधा कर्करोगाची नसते, पण तरुण माणसाचे हाड आतून पोखरते आणि खरवडून काढली तरी पुन्हा उद्भवण्याची खोड तिला आहे. तिसरा आणि संख्येने सर्वांत मोठा गट म्हणजे स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, थायरॉइड अशा अन्य अवयवांचा कर्करोग हाडात पसरलेले रुग्ण.

१९७० पूर्वी ऑस्टिओसार्कोमावर एकच उपाय होता: पाय किंवा हात कापणे. एवढे करूनही पाचातले चार रुग्ण दगावत, कारण निदान होईपर्यंत रोगाचे सूक्ष्म कण फुप्फुसात पोहोचलेले असत. केमोथेरपी आल्यावर चित्र पालटले. रोग पसरण्यापूर्वी उपचार सुरू झाले तर आज दहातले सहा-सात रुग्ण वाचतात, आणि बहुतेकांचा अवयवही वाचवता येतो. भारताची ओळख एकेकाळी जयपूर फूटने झाली. १९६८ मध्ये रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी पाय गमावलेल्या माणसाला पुन्हा शेतात उभे केले. आजचे आव्हान त्याच्या अलीकडचे आहे. पाय गमवावाच लागू नये, आणि वाचवलेला पाय पन्नास-साठ वर्षे टिकावा.

इथेच खरी अडचण आहे. गाठ काढल्यावर हाडात आठ-दहा सेंटिमीटरची किंवा त्याहूनही मोठी उणीव राहते. धातूचा कृत्रिम सांधा ती भरून काढतो. परंतु धातू वाढत नाही आणि वाढत्या मुलाचा पाय मात्र वाढत असतो. धातू झिजतो, सैल होतो, त्यात जंतुसंसर्ग होतो आणि काही वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. चौदाव्या वर्षी बसवलेला सांधा त्या मुलाला आयुष्यभर पुरण्याची शक्यता थोडी. म्हणून हाडाच्या जागी हाडच यावे, हा आग्रह केवळ वैज्ञानिकांच्या हौसेचा नाही.

पोकळी भरण्याचा इतिहास

हाडातली पोकळी बाहेरच्या पदार्थाने भरण्याची कल्पना तशी जुनी. द्रेसमान नावाच्या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्ये हाडाच्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याची नोंद आहे. त्या पोकळ्या मुख्यतः क्षयाने झालेल्या होत्या, आणि प्लास्टरमध्ये त्याने जंतुनाशक फिनॉल मिसळले होते. पोकळी भरायची आणि तिथल्या शत्रूलाही मारायचे, हे दुहेरी सूत्र अशा रीतीने सव्वाशे वर्षांहून अधिक जुने ठरते. शत्रू तेवढा बदलला.

क्षयाचा उल्लेख मी सहज केलेला नाही. निवृत्तीनंतर मी म्हैसूरच्या मेटगळ्ळी भागात राहतो. शहरातून कृष्णराजसागर धरणाकडे जाणाऱ्या याच रस्त्यावर शंभर वर्षांपूर्वी उभे राहिलेले क्षयरोग्यांचे आरोग्यधाम आहे. क्षयाने गेलेली आपली बहीण, राजकन्या कृष्णाजम्मणी, हिच्या स्मरणार्थ महाराज चौथे कृष्णराज वडियार यांनी ते उभारले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, सकस आहार आणि विश्रांती एवढेच देता येत असे. तरीही औषध सापडेपर्यंत थांबावे असे त्या संस्थानाला वाटले नाही. औषध आले तेव्हा ते देण्यासाठी खाटा, परिचारिका आणि रुग्णांची नोंद तयार होती. आज याच रस्त्यावर जयदेव हृदयरोग संस्थेचे रुग्णालय आहे आणि नवे जिल्हा रुग्णालयही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून दिसते ते असे: उपचार येण्याआधी संस्था उभी असेल, तरच उपचार रुजतो.

प्लास्टरनंतर ॲक्रिलिक सिमेंट आले. जायंट सेल ट्यूमर खरवडून काढल्यावर ती जागा आजही अनेक ठिकाणी या सिमेंटने भरतात. ते घट्ट होताना बरीच उष्णता बाहेर पडते आणि कडेला राहिलेल्या पेशी त्या उष्णतेने काही प्रमाणात मरतात, हा त्याचा आगंतुक फायदा. पण सिमेंट हाडाशी एकजीव होत नाही. भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखे ते नुसते अडकून राहते.

हे चित्र बदलले ते लॅरी हेंच या अमेरिकी काचतज्ज्ञामुळे. १९६७ मध्ये एका परिषदेला जाताना बसमध्ये त्यांच्या शेजारी व्हिएतनामहून परतलेला एक लष्करी अधिकारी बसला होता. तरुण सैनिकांचे हातपाय कापावे लागतात, कारण शरीर बाहेरचा पदार्थ स्वीकारत नाही. तुम्ही असा पदार्थ का बनवत नाही, असे त्याने विचारले. लष्कराने निधी दिला आणि १९६९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात हेंच यांनी एक काच तयार केली: वजनाने ४५ टक्के सिलिका, प्रत्येकी साडेचोवीस टक्के सोडियम ऑक्साइड आणि कॅल्शियम ऑक्साइड, व सहा टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड. उंदरांच्या मांडीच्या हाडात ती बसवली आणि सहा आठवड्यांनी काढून पाहायला गेले, तर ती निघेचना. हाडाने तिला धरले होते.

याचे कारण रसायनात आहे. आपल्या खिडकीची काच पाण्याला दाद देत नाही. ही काच मात्र शरीरातल्या द्रवात हळूहळू विरघळते. तिच्यातले सोडियम बाहेर पडते, पृष्ठभागावर सिलिकाचा मऊ थर उरतो, त्यावर कॅल्शियम व फॉस्फेट जमते आणि त्याचे स्फटिक हाडातल्याच खनिजाचे रूप घेतात. अस्थिपेशी तो पृष्ठभाग आपलाच मानतात. शिवाय विरघळणारे सिलिकॉन व कॅल्शियम त्या पेशींना नवे हाड घडवण्यास उद्युक्त करतात. काच विरघळत जाते आणि तिची जागा हाड घेते. १९८५ मध्ये अमेरिकेत कानातल्या लहान हाडासाठी या काचेला प्रथम मान्यता मिळाली. पुढे दंतवैद्यक आणि अस्थिशल्यक्रियेतही तिचा वापर सुरू झाला. म्हणजे हाड भरून आणणारी जैवसक्रिय काच आज नवलाईची राहिलेली नाही. नवी आहे ती तिच्यावर सोपवलेली दुसरी कामगिरी.

दुहेरी कामगिरी आणि तिच्या मर्यादा

ती कामगिरी पार पाडण्याचे मुख्यतः तीन मार्ग संशोधक चाचपत आहेत. पहिला मार्ग काचेत औषधी धातू मिसळण्याचा. गॅलियम हा शरीराला लोहासारखा भासतो. वेगाने वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशी लोहाला हपापलेल्या असतात. त्या लोह समजून गॅलियम आत घेतात आणि त्यांची डीएनए घडवण्याची यंत्रणा ठप्प होते. गॅलियम वैद्यकाला अनोळखी नाही; कर्करोगामुळे रक्तात वाढणाऱ्या कॅल्शियमवर गॅलियम नायट्रेट हे औषध म्हणून अमेरिकेत १९९१ मध्येच मंजूर झाले होते. दुसरा मार्ग उष्णतेचा. जपानमध्ये कोकुबो यांच्या गटाने चुंबकीय गुणधर्म असलेली जैवसक्रिय काच-सिरॅमिक्स तयार केली. बाहेरून बदलते चुंबकीय क्षेत्र लावले की हा पदार्थ तापतो आणि त्रेचाळीस अंशांच्या आसपास कर्करोगाच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा लवकर मरतात. तिसरा मार्ग केमोथेरपीचे औषधच भरणद्रव्यात साठवून ते जागच्या जागी सावकाश सोडण्याचा.

या साऱ्याला दोन मोठ्या मर्यादा आहेत आणि त्या वाचकाने मनात ठेवलेल्या बऱ्या. एक म्हणजे ऑस्टिओसार्कोमाचा रुग्ण बहुधा पायातल्या गाठीने दगावत नाही, फुप्फुसात पसरलेल्या रोगाने दगावतो. पायात भरलेली काच फुप्फुसापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे केमोथेरपी आणि गाठ निरोगी ऊतीच्या आवरणासह समूळ काढणारी शस्त्रक्रिया यांना ही द्रव्ये पर्याय ठरणार नाहीत, फार तर त्यांची सोबत करतील. दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. जे द्रव्य हाडाच्या पेशींना वाढायला सांगते, ते चुकून उरलेल्या रोगट पेशींनाही तोच निरोप देणार नाही ना, याची खात्री प्राण्यांवरील आणि माणसांवरील दीर्घ चाचण्यांनीच होते. तिथे घाई करून चालत नाही.

आपल्याकडे काय आहे

या शर्यतीत भारत केवळ प्रेक्षक आहे, असे मानण्याचे कारण नाही. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी आहे. दान केलेली हाडे तिथे प्रक्रिया करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून शस्त्रक्रियेसाठी दिली जातात. तुर्भ्याच्या अणुसंशोधन संकुलात १९७४ पासून चालणारा आयसोमेड प्रकल्प हाती होता, म्हणून हे शक्य झाले. याच रुग्णालयातले शल्यविशारद योग्य रुग्णांत आणखी एक साधी पण विलक्षण पद्धत वापरतात. रोगट हाडाचा तुकडा शरीराबाहेर काढायचा, गाठ साफ करायची, त्या हाडाला एकाच वेळी ५० ग्रे इतका जबर किरणोत्सार द्यायचा आणि रोगमुक्त झालेले तेच हाड रुग्णाच्या पायात परत बसवायचे. हाड रुग्णाचेच असल्याने मापाचा प्रश्न नाही आणि किमतीचाही फारसा नाही. ‘आधी मारा, मग भरा’ हे सूत्र इथे महागड्या पदार्थाविना साधले जाते.

केमोथेरपीतही असेच घडले. पाश्चात्त्य पद्धतीत मेथोट्रेक्सेट हे औषध फार मोठ्या मात्रेत देतात. त्यासाठी रक्तातली पातळी वारंवार मोजण्याची सोय आणि दीर्घ मुक्काम लागतो. टाटा मेमोरियलने ते वगळून ओजीएस-१२ नावाची उपचारपद्धती बसवली, कारण आपल्या बहुतेक रुग्णालयांत ती सोय नाही. परदेशातली उत्तम गोष्ट जशीच्या तशी न उचलता आपल्या परिस्थितीला मानवेल अशी घडवणे, यालाच मी धोरणबुद्धी म्हणतो.

काचेबाबतही आपली तयारी आहे. यकृताच्या कर्करोगावर किरणोत्सारी काचेचे सूक्ष्म मणी वापरतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते ‘भाभास्फिअर’ या नावाने देशात तयार केले. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेने हायड्रॉक्सीअपेटाइट आणि जैवसक्रिय काच यांच्या मिश्रणातून अस्थिभरण विकसित केले. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या डॉ. अनुया निसळ यांच्या संशोधनातून सेरिजेन ही नवउद्यमी कंपनी उभी राहिली. रेशमातल्या फायब्रॉइन या प्रथिनापासून हाडाला आधार देणारी सच्छिद्र जाळी बनवणे हा तिचा विषय. तुतीच्या रेशमात कर्नाटक देशात अग्रेसर, आणि म्हैसुरात तर १९६१ पासून केंद्रीय रेशीम संशोधन संस्था आहे. पैठणी आणि म्हैसूर सिल्क यांच्यापलीकडे महाराष्ट्र-कर्नाटकाला जोडणारा हा एक नवा धागा आहे. त्याच्याकडे दोन्ही सरकारांनी सीमावादाइतकेच लक्ष पुरवले तर कुणाचे नुकसान होणार नाही.

पण प्रयोगशाळेतला पदार्थ रुग्णापर्यंत नेणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी श्रीचित्राच्याच हृदयझडपेकडे पाहावे. त्रावणकोर राजघराण्याने दिलेल्या सातेलमंड राजवाड्यात डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हे काम चालले. पहिली तीन प्रारूपे बाद झाली. चौथे टिकले आणि १९९० च्या डिसेंबरात ते प्रथम रुग्णाला बसवण्यात आले. पुढे एका खासगी कंपनीने उत्पादन केले आणि आजवर एक लाखाहून अधिक झडपा बसल्या आहेत. या यशाचे श्रेय कल्पकतेला आहेच. त्याहून अधिक ते तीन अपयशांनंतरही निधी न थांबवणाऱ्या सरकारला आणि शल्यविशारद, अभियंता व कारखानदार यांना एका छपराखाली आणणाऱ्या रचनेला आहे.

अडते कुठे

माझ्या मते चार ठिकाणी. पहिली जागा सर्वांत खालची आहे. मेटगळ्ळीत टायरचा मोठा कारखाना आहे, लगत हेब्बाळची औद्योगिक वसाहत आहे आणि हजारो कंत्राटी कामगारांची वस्ती आहे. आमच्या गल्लीतल्या अशाच एका कुटुंबातला चौदा वर्षांचा मुलगा गुडघा दुखतो म्हणून चार महिने मलम आणि मालिश यांवर राहिला. रात्री दुखणे वाढे. वाढीच्या वयात असे व्हायचेच, असे घरच्यांना सांगण्यात आले. अखेर एक्स-रे झाला आणि एका लहान रुग्णालयाने तत्परतेने बायोप्सीही केली, पण चुकीच्या जागी छेद घेऊन. बायोप्सीची सुई ज्या वाटेने जाते ती वाट रोगाने दूषित झाली असे धरून पुढच्या शस्त्रक्रियेत कापून काढावी लागते. म्हणून ती ज्याला शस्त्रक्रिया करायची आहे त्यानेच ठरवायची असते. दीडशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूत त्याचा पाय वाचला; मात्र छेदाची ती जागा काढताना बरेच स्नायू गेले. जगातली कुठलीही काच हे नुकसान भरून देऊ शकत नाही. उशिरा आणि चुकीच्या वाटेने आलेल्या रुग्णापुढे नवे द्रव्य हतबल असते.

दुसरी जागा चाचणीची. वर्षाला चार-पाच हजार रुग्ण देशभर विखुरलेले असतील तर एका रुग्णालयात शास्त्रशुद्ध चाचणीपुरते रुग्ण जमायला दशक जाईल. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमुळे शेकडो रुग्णालये एका धाग्यात आली आहेत. या ग्रिडने ४० औषधांची एकत्रित खरेदी करून किमतीत मोठी कपात साधून दाखवली. जी जोडणी खरेदीसाठी वापरता येते, ती संशोधनासाठीही वापरता आली पाहिजे.

तिसरी जागा नियमनाची. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार शरीरात पूर्णपणे विरघळणारी प्रत्यारोपणे सर्वाधिक जोखमीच्या ‘ड’ वर्गात मोडतात. हे योग्यच आहे. परंतु काच, औषध आणि उष्णता अशा तिहेरी पदार्थाला उपकरण म्हणायचे की औषध, हे ठरवण्यातच लहान उद्योगाची वर्षे जाऊ नयेत. बसवलेल्या द्रव्यावर नजर ठेवणेही तितकेच महत्त्वाचे. सदोष धातूच्या खुब्यांचे प्रकरण २०१० नंतर उघड झाले तेव्हा अनेक रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून आहे, पण तो डॉक्टरांनी स्वतःहून कळवण्यावर फार विसंबून आहे.

चौथी जागा पैशाची, आणि ती मी जवळून पाहिली आहे. सेवेत असताना एका राज्याच्या वैद्यकीय खरेदी समितीवर मी काही काळ होतो. निविदेत तीन वर्षांची उलाढाल आणि तीन वर्षांचा पुरवठ्याचा अनुभव मागितला जाई. मग सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होई. एका देशी अस्थिभरणाची निविदा पहिल्याच छाननीत बाद झाली, कारण त्या उत्पादकाने आधी कुठल्याही सरकारी रुग्णालयाला माल दिलेला नव्हता. सरकार घेत नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून सरकार घेत नाही. नवउद्यमींसाठी ही अट शिथिल करण्याची मुभा २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत आहे. छाननी करणाऱ्या कारकुनाला ती वापरण्याची भीती वाटते, कारण अट शिथिल केली तर लेखापरीक्षक विचारतो. रुग्ण उपचाराविना राहिला तर कुणी विचारत नाही.

सरकार मनावर घेते तेव्हा काय होते हेही आपण पाहिले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली गेली, तेव्हा कर्करोगाच्या रुग्णांसाठीच्या खास सांध्यांची किंमत करांखेरीज सुमारे १ लाख १४ हजार रुपयांवर आणली गेली. त्यापूर्वी ती कित्येक लाखांत होती. मात्र किंमत बांधणे ही अर्धीच गोष्ट झाली. नव्या द्रव्याला बाजारच नसेल तर त्याच्या बांधलेल्या किमतीचा उपयोग काय?

काय करता येईल

पहिली गोष्ट म्हणजे निदान. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. तीन आठवड्यांहून जास्त टिकणारे, रात्री वाढणारे गुडघ्याचे किंवा खांद्याचे दुखणे असेल तर एक्स-रे, आणि संशय असेल तर बायोप्सी न करता थेट नेमून दिलेल्या केंद्राकडे रवानगी, एवढी एक ओळ त्यांच्या सूचनापत्रात घालायला पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ऊतिपेढ्या. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला, पण हाडाचे दान करता येते हे आजही फार थोड्यांना ठाऊक आहे. प्रत्येक प्रादेशिक कर्करोग केंद्राशी एक ऊतिपेढी जोडली, तर नवी द्रव्ये येईपर्यंत रुग्णांची सोय होईल. शिवाय उद्या ती द्रव्ये आल्यावर त्यांची तुलना कशाशी करायची, हेही ठरलेले असेल.

तिसरी गोष्ट, हाडाच्या गाठींची राष्ट्रीय नोंदवही. तिच्यात रुग्णाला कोणते द्रव्य बसवले, किती काळ टिकले, रोग परतला का, याची दहा वर्षे नोंद व्हावी, आणि आयुष्मान भारत किंवा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून पैसे मिळवणाऱ्या रुग्णालयाला ती नोंद बंधनकारक असावी. चौथी, या योजनांच्या दरपत्रकात अस्थिभरणाची वेगळी तरतूद. शस्त्रक्रियेच्या एकगठ्ठा रकमेत भरणद्रव्यही धरले की रुग्णालय साहजिकच सर्वांत स्वस्त पर्यायाकडे वळते. पाचवी, २०२३ च्या राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरणाच्या चौकटीत देशी द्रव्यांसाठी हमी खरेदी: चाचणीत उतरलेल्या उत्पादनाची ठरावीक संख्या पाच वर्षे सरकारी कर्करोग रुग्णालये घेतील, असे लेखी आश्वासन. भांडवलदार अनुदानापेक्षा अशा आश्वासनाला अधिक भुलतो, हा माझा अनुभव आहे.

यांतली एकही सूचना गॅलियमवर किंवा चुंबकीय काचेवर अवलंबून नाही. ती द्रव्ये यशस्वी झाली तर या व्यवस्थेमुळे लवकर पोहोचतील. अयशस्वी झाली तरी त्या व्यवस्थेने काही मुलांचे पाय आणि प्राण वाचवलेले असतील. विज्ञानाचा निकाल काय लागेल हे सांगण्याचा अधिकार प्रशासकाला नाही. निकाल लागेल त्या दिवशी रुग्णालयाचे दार उघडे असेल, एवढे पाहणे मात्र त्याच्या हातात आहे, आणि त्यासाठी कुठल्याही शोधाची वाट पाहावी लागत नाही.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)